सोडलेला नारळ

पवनीला गेलं की मी त्याच्याच ऑटोत बसते. नाव कधी विचारलं नाही. आधी गणपती, मग बालाजी, शेवटी नदीकाठचा महादेव, हा त्याचा क्रम. तो कुणालाही बदलू देत नाही. प्रत्येक देवळापाशी चपला काढतो, पण आत येत नाही. अनवाणीच ऑटोला टेकून उभा राहतो. "देवाले समदं दिसते जी, जाऊन कायले सांगाचं?"

आई अंथरुणाला खिळल्यापासून मी दर सोमवारी जवाहरनगरहून येते. महादेवाच्या मंडपात लाल फडक्यात नारळ बांधलाय, आई उठून बसावी म्हणून. नवस फळला की नारळ सोडायचा, पेढे वाटायचे.

मधला एक सोमवार त्याचा ऑटो दिसला नाही. गेल्या सोमवारी तो चक्क माझ्यामागून आत आला. हात वर करून एका जुन्या फडक्याची गाठ सोडली, नारळ कपाळाला लावला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. त्याला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पेढा तोंडात टाकत मी विचारलं, "काय मागितलं होतं हो?"

"मायले घेऊन जाय म्हनलं होतं, बाई. कितीक सालापासून बिछान्यात सडून राह्यली होती. काल तेरवी झाली."

पेढा जिभेवर तसाच राहिला. त्याने माझ्या नारळाकडे बोट केलं.

"तुमची माय कशी हाय?"

"तशीच."

"मांगनं बदलवता येते जी," तो हळूच म्हणाला.

त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी पेढा गिळला.