ताईच्या हातात थांबणारी गाडी

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामाच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा शेठने जुन्यातला एक बाबांना दिला. बाबा तिथे हमालांचे मुकादम होते. टेम्पोत खाली गोणपाट अंथरून, वर स्वतःचे दोन्ही हात ठेवून त्यांनी तो आमच्या गावापर्यंत, दिघाशीपर्यंत आणला. उतरवताना शेजारच्या काकांनी मदतीला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "राहू दे, पोराच्या शिक्षणाचं हाय."

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. बाबा हे कोणालाही सांगत, एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. ते सांगत असताना मी ताईकडे बघायचं टाळत असे. ताई माझ्याहून मोठी. दहावीला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते. पण दोघांना रोज भिवंडीला पाठवणं झेपणार नाही असं घरात ठरलं आणि ती घरी राहिली. ठरवताना कोणी मला विचारलं नाही, तिलाही नाही. मला विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हे आजही नक्की सांगता येत नाही.

कॉम्प्युटर म्हणजे एक आडवी, जड पेटी आणि तिच्या डोक्यावर बसवलेला पडदा. पेटीच्या झाकणाला पडद्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फटी होत्या. ऑफिसातल्या कोणीतरी त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ ठेवून दिला होता. मला तो पहिल्याच दिवशी सापडला. बाबा जेवून माझ्या मागे खाटेवर बसत आणि पडद्यावर पळणारी लाल गाडी बघून विचारत, "हे पण कॉलेजात असतं?" मी "हो, असतं थोडं," असं काहीतरी म्हणे. ते समाधानाने मान हलवत.

तो दसरा मला चांगला आठवतो. गोदामात बाबा वजनकाट्याची, हातगाड्यांची पूजा करून आले आणि घरी कोयता, विळा, पाटा-वरवंटा यांच्या शेजारी कॉम्प्युटरचीही पूजा मांडली. आईने तांदूळ कुंकवात ओले करून लालबुंद अक्षता केल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्या टाकल्या. बाबांनी तर लग्नात टाकाव्यात तशा मूठभरून उधळल्या. मग मुहूर्त चांगला आहे म्हणून मी ताईला खुर्चीवर बसवलं. तोवर ती त्या टेबलाची धूळ पुसायची तेवढीच.

"मला न्हाय येणार," ती म्हणाली.

"बटणं चार आहेत फक्त."

"तुला कॉलेजात जाऊन चारच शिकवली?"

ती बसली. गाडी आपटली, पुन्हा आपटली, आणि मग आपटायची थांबली. तीनदा आपटलं की खेळ संपत असे. माझी गाडी पुलापाशीच संपायची. पुलापलीकडे काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी पुलापलीकडे गेली. तिथे बोगदा होता, बोगद्यानंतर समुद्राकाठचा रस्ता. ती ओठ दाबून, पदर कमरेला खोचून बसायची आणि वळण यायच्या आधीच तिचं बोट वळणावर गेलेलं असायचं. मी बाजूला उभा राहून बघायचो. आनंद व्हायचा, आणि त्याच्या मागोमाग, ही खुर्ची कोणाची होती, असं मनात यायचं.

समुद्राकाठच्या त्याच रस्त्यावर एकदा गाडी थांबली. गाडीच काय, सगळंच थांबलं. चित्र जागच्या जागी, इंजिनाचा आवाज एका सुरात अडकून घूंऽऽ करत राहिलेला, कोणतंही बटण दाबा, काही नाही. ताईने दोन्ही हात एकदम मागे घेतले, जसं काही भांडं फुटलं होतं.

"मी काय न्हाय केलं."

मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. सुरू झाला. मी खेळलो, नेहमीसारखा पुलापाशी हरलो. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ताई बसली आणि पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. माझ्या हातात एकदाही नाही.

आईने ते बरोबर टिपलं. "ए बाय, उठ तिथनं. तुझा हात लागला का ते झोपतं."

"झोपत नाही आई, अडकतं," मी म्हणालो.

"तेच. त्याच्या हातात चालतं ना? मग?"

शेजारची काकू हसून म्हणाली, "सासरी गाडी घेऊन जाऊ नको गं, रस्त्यातच राहशील." ताईही हसली. पण त्यानंतर ती बसताना पदराला हात पुसून बसायला लागली, आणि काही दिवसांनी बसेनाशीच झाली.

खरी गोष्ट खेळाची नव्हती. दिवाळीनंतर ताईला भिवंडीतल्या कॉम्प्युटर-टायपिंगच्या क्लासला घालायचं असं बाबांनी कबूल केलं होतं. शेठच्या ऑफिसात बिलं टाइप करायला एक मुलगी बसते, ती त्यांनी पाहिली होती. ताई त्या क्लासच्या वेळेने, एस.टी.च्या वेळेने दिवस मोजत होती. दिवाळी झाल्यावर तिने विषय काढला तर बाबा भाकरी मोडत म्हणाले, "घरातलं तुझ्या हातात चालत न्हाय. क्लासचं बंद पडलं तर? लोकांच्या वस्तू त्या. जरा थांबू."

ताईने माझ्या ताटात भाजी वाढली. मी ताट बाजूला सारलं.

"माझ्या हातात चालतं म्हणजे माझा हात चांगला असं नाही बाबा," मी म्हणालो.

"तू शिकलेला हायेस," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून मी तो कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या मागे लागलो. मला त्यातलं काही येत नव्हतं. कॉलेजात आम्हा सायन्सच्या मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून नेत आणि लांबूनच दाखवत. वर्गातला एक मुलगा म्हणाला, व्हायरस असेल. त्याने दिलेल्या फ्लॉपीने मी तपासलं. काही सापडलं नाही. दुसरा म्हणाला, गावात अर्थिंग नीट नसतं. मग मी अंगणात खड्डा खणून लोखंडाची सळई पुरली, मीठ-कोळसा टाकला आणि रोज तांब्याभर पाणी ओतू लागलो. आई ओट्यावरून म्हणाली, "तुळशीला कधी घातलंस न्हाय, नि लोखंडाला घालतोस. उगवलं तर सांग." शेजाऱ्यांचा पंप चालू असताना विजेचा दाब कमी होतो, म्हणून पंप बंद असतानाच खेळून पाहिलं. खेळायचो मीच, कारण ताई बसायला तयार नव्हती. आणि मी खेळलो की बंद पडायचं नाही. बिघाड शोधायचा आणि बिघाड होतच नाही, अशी गंमत.

शेवटी भिवंडीत बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. आत जायला धीर होत नव्हता. दुकानदाराने न बघताच विचारलं, "कब हैंग होता है?"

"काम करते वक्त."

"कौन सा काम?"

"कॉलेज का."

"आवाज कैसा आता है?"

"गाड़ी का इंजिन अटक गया, वैसा."

त्याने मान वर केली. "अच्छा. तुम्हारे कॉलेज में गाड़ी चलाना सिखाते हैं?" बाकावर बसलेले दोघे हसले. माझे कान तापले. घरी बाबांना दिलेलं उत्तर आठवलं. "गेम खेलता हूँ," मी म्हणालो, "मतलब, बहन खेलती है. उसी के हाथ में बंद होता है."

"हाथ में कुछ नहीं होता भाई. खोल के रॅम निकाल, रबर से घिस, वापस लगा. नहीं हुआ तो पेटी इधर ला. और बहन कितनी देर खेलती है?"

"बहुत देर. वो हारती नहीं."

हे मी अभिमानाने म्हणालो होतो. एस.टी.त बसल्यावर तेच वाक्य पुन्हा डोक्यात आलं आणि तिथेच राहिलं. ती हरत नाही. मी हरतो. मी हरतो, म्हणजे लवकर उठतो.

घरी आल्यावर पुस्तकंसुद्धा न ठेवता कॉम्प्युटर लावला. खेळ सुरू केला आणि लाल गाडी रस्त्याच्या कडेला भिंतीला हळूच टेकवून उभी केली. इंजिन चालू, गाडी जागेवर. आपटण्याचा प्रश्नच नाही. मग हात काढून घेतले आणि आईला बोलावलं. ताईलाही. ती दारातच उभी राहिली.

"बघ, माझा हात नाही. कोणाचाच नाही."

"मग काय बघू?" आई म्हणाली. "भिंत?"

"बस जरा."

ती तांदूळ निवडायचं सूप घेऊन बसली. निवडून झालं, तरी गाडी गुरगुरत होती. आई उठायला लागली आणि तेवढ्यात तो ओळखीचा आवाज आला. घूंऽऽ. पडदा थिजला. मी सगळी बटणं दाबून दाखवली.

आई सूप खाली ठेवून पडद्यापाशी वाकली. मग म्हणाली, "आता तर कोणी हात पण न्हाय लावला याला." ताई दारातून म्हणाली, "मी इकडे उभी हाय, सांगून ठेवते." आवाज चेष्टेचा होता. चेहरा नव्हता.

रॅम काढायची म्हणून मी वीज बंद करून पेटीचे स्क्रू काढले. झाकण उचललं आणि सगळेच वाकून बघायला लागलो. बाबाही तोवर आले होते. आत, मधोमध, काडेपेटीहून थोडा मोठा असा, पेटी तापू नये म्हणून बसवलेला एक पंखा होता. त्याच्या पात्यांत आणि चौकटीत लाल दाणे चिकटून बसले होते. ओले पडले असतील, तिथेच वाळून घट्ट झाले होते. झेंडूची एक सुकलेली पाकळीही होती. मी पातं बोटाने ढकललं. हललं नाही. त्याच्याखालचा धातू अजून चटका देत होता.

कोणाला काही सांगायची गरज नव्हती. आपल्या हाताने भिजवलेला तांदूळ आई ओळखणार नाही का? तिने तोंडावर पदर घेतला. "आमच्याच अक्षता."

"मी जास्त टाकल्या," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू पण टाकल्यास. समद्यांनी टाकल्या."

मी टाकल्या होत्या, हे खरं. आणि त्याच दिवशी मीच ताईला खुर्चीवर बसवलं होतं. पूजा आणि तिचा हात एकाच दिवशी त्या कॉम्प्युटरला लागले, आणि आम्ही सगळ्यांनी, न ठरवता, पूजेवर संशय घेतला नाही.

ताईने केसातला आकडा काढला. एकेक दाणा ती त्याच्या टोकाने सोडवत गेली आणि आईच्या सुपात टाकत गेली. पातं मोकळं झाल्यावर तिने हलकी फुंकर मारली. ते फिरलं. झाकण न लावताच कॉम्प्युटर चालू केला, तर आतून बारीक घरघर यायला लागली. हा आवाज मी पूर्वी ऐकला असणार, आणि तो बंद झाला हे मला कळलंच नव्हतं.

"बस," बाबा ताईला म्हणाले.

"भाकऱ्या टाकायच्या हायेत," ती म्हणाली आणि आत गेली.

क्लासला ती गेली, पण पुढच्या बॅचला. आम्ही एकाच एस.टी.ने जात असू. तिच्या क्लासच्या बाई मला एकदा रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुझी बहीण हुशार आहे रे, पण मशिन स्वतः चालू करत नाही. शेजारच्या मुलीला करायला लावते आणि मगच हात पुढे करते." मी त्यांना कारण सांगितलं नाही. सुटीच्या दिवशी घरी मात्र मी मुद्दाम म्हणायचो, "ताई, जरा कॉम्प्युटर लाव ना, मी येतो." मग परसात उभा राहून पंख्याची घरघर येते का ते ऐकायचो. बरेच दिवस काहीच ऐकू यायचं नाही.

पुढच्या दसऱ्याला पूजा मांडली तेव्हा पेटीच्या फटींवर आईने स्वतःच जाड पंचा घातला. बाबांनी अक्षतांची वाटी उचलली, थांबले, आणि ताईपुढे धरली. "तू कर."

तिने अक्षता घेतल्या नाहीत. एका बोटाने कुंकू घेतलं, पेटीच्या पुढच्या बाजूला, बटणाच्या जरा वर, एक टिकली लावली. मग पंचा काढून त्याची घडी केली. तिने हात पदराला पुसायला नेला आणि अर्ध्यातच थांबवला. तशाच कुंकवाच्या बोटाने तिने बटण दाबलं.

आम्ही चौघंही पडद्याकडे बघत नव्हतो. मान खाली घालून आतल्या पंख्याचा आवाज ऐकत होतो.