बटणांपाशी उभा प्रेक्षक

रत्नागिरीतल्या आमच्या फिल्म क्लबात जुने फ्रेंच सिनेमे लागतात, तेव्हा हॉलचा शिपाई दाराजवळ, दिव्यांच्या बटणांपाशी उभा राहून बघतो. त्याला फ्रेंच येत नाही, पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरंही वाचता येत नाहीत. तरी मालक कोण आणि नोकर कोण, हे तो आमच्या आधी ओळखतो. "दार कसं लावतो, त्यावरून समजतं हो," म्हणतो.

परवा बड्या घरच्या मेजवानीचा सिनेमा झाला. नंतर आम्ही वर्गभेदावर तावातावाने बोललो. तो खुर्च्या गोळा करत होता. मी हौसेने विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?"

"त्यांचा तो वाढपी, सर. अख्ख्या पिक्चरमध्ये एकदा पण बसला नाय."

वा! मी लगेच वहीत लिहून घेतलं. मान वर केली, तर तो माझी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभा होता.