मला मॅडम, त्यांना आई

माझी आई गेली, ही बातमी मला एका परक्या पोट्टीनं सांगितली. पांढुर्ण्याला सकाळी कुकर चढवत होते, तर अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, मी साक्षी बोलून राहिली, सौंसरहून. आई उठून नाही राहिल्या..." मी म्हटलं, कोणाची आई? खरंच मला त्या क्षणी कळलं नाही. ती रडत म्हणाली, "आपली." आपली! रोजच्यासारख्या सहाला योगाला आलेल्या मुलींना फाटक बंद दिसलं, साक्षी कंपाउंडवरून उडी मारून आत गेली, शेजारच्या काकूंकडच्या किल्लीनं दार उघडलं, तेव्हा आई झोपेतच गेलेली होती. आता महिना-दीड महिना होत आला. लोक म्हणतात, भाग्याचं मरण. असेल बाई. पण त्या "आपली"चा काटा अजून माझ्या मनातून निघालेला नाही, आणि हा लेख लिहायला बसले आहे तर ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

सौंसरला पोचले तेव्हा अंगण मुलींनी भरलेलं होतं. कोणी सातवीतली, कोणी अकरावीतली, सगळ्यांचे डोळे सुजलेले. आईच्या उशाशी साक्षी बसली होती, पोटच्या मुलीनं बसावं तशी. बायका मला वाट करून देत होत्या, पण तिला तिथून उठवायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. साडी कोणती नेसवायची, असं काकूंनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "जांभळी. आईले जांभळी लय आवडे." माझ्या डोळ्यांपुढची आई पांढऱ्या नाहीतर करड्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली. तिच्याकडे जांभळी साडी आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. कपाट उघडलं तर ती वरच होती, चांगली मऊ, वापरातली. मी तिच्याखालची हिरवी काढली.

माझी आई सरकारी शाळेत शिकवायची आणि माझं नशीब असं, की मी तिच्याच वर्गात होते. पहिल्याच दिवशी तिनं घरून निघताना बजावलं होतं, "शाळेत आई म्हणायचं नाही. मॅडम." मी म्हणाले मॅडम. बाकीच्या मुलींना मॅडम म्हणायला काय वाटायचं! मला मात्र डबा विसरला तरी हात वर करून "मॅडम, माझा डबा..." असं म्हणावं लागायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून बाकीच्यांना एक पट्टी तर मला दोन. घरी आल्यावर ती पुन्हा आई व्हायची खरी, पण ते काही झटकन होत नसे. संध्याकाळी चहा होईस्तोवर मॅडमच असायची. "ताठ बस," हे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य. तरी माझी पाठ वाकलेली ती वाकलेलीच.

रिटायर झाल्यावर तिची कंबर धरली. कोणाच्या तरी सांगण्यावरून ती नागपूरला एका योगशिबिराला गेली आणि दुसरीच कोणी होऊन परत आली. बाबा तोवर गेलेले, मी पांढुर्ण्याला सासरी, संत्र्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात अडकलेली. तिनं अंगण सारवलं, सतरंज्या काढल्या आणि मोहल्ल्यातल्या मुली गोळा केल्या. फक्त मुलीच. म्हणायची, "पोट्टे धावतात, खेळतात. पोट्टी मोठी झाली का तिले म्हणतात, खाली पाहून चाल. मंग पाठ कशी सरळ राहीन?" मला हे तिनं मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंतून कळायचं. एकदा दिवाळीला गेले आणि सकाळी आवाजानं जाग आली. बाहेर येऊन पाहते तर सिंहासन चाललेलं. म्हणजे गुडघ्यांवर बसून, डोळे फाडून, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढून गर्जना करायची. समोर माझी आई जीभ काढून बसलेली! मुली हसून हसून लोळत होत्या आणि तीही हसता हसता एका मुलीच्या अंगावर कलली. मी दारात उभी. लहानपणी मी एकदा तिला जीभ दाखवली होती, तर संध्याकाळपर्यंत बोलली नव्हती माझ्याशी. जळफळाट म्हणजे काय असतो, ते मला त्या दारात समजलं. सवत आली असती तरी इतकं झालं नसतं.

आणि त्या सगळ्या तिला आई म्हणत होत्या. त्याच दुपारी मी तिला विचारलं, "मले मॅडम म्हणायले लावलं आणि ह्या कोण लागून गेल्या तुझ्या?" ती संत्रं सोलत होती. म्हणाली, "म्हणू दे ना वं. तुझं काय कमी होऊन राहिलं त्यात?" दुसऱ्या दिवशी हट्टानं मीही सतरंजीवर जाऊन बसले. पुढे वाकायचं होतं. साक्षीचं कपाळ गुडघ्याला टेकलं, माझे हात नडगीच्या पुढे जाईनात. एक-दोघी तोंड दाबून हसल्या. वाटलं, आता आई येईल, पाठीवर हात ठेवील. ती जागेवरूनच म्हणाली, "साक्षी, ताईच्या पाठीवर हात ठेव. हळूच." त्या पोरीनं ठेवलाही, फार मायेनं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये. मुलींनी काकूंमार्फत विचारलं, अंगणात यायचं का? मी ठरवूनच टाकलं होतं, की नाही म्हणायचं आणि फाटकाला कुलूप लावून पांढुर्ण्याला परतायचं. माझ्या आईचं अंगण आहे, धर्मशाळा नाही. सकाळी बाहेर आले तर माझ्या उत्तराची वाट न बघता सगळ्या हजर, साक्षीच शिकवून राहिली होती, आईच्याच शब्दांत. म्हटलं, शेवटचं होऊन जाऊ दे, आणि मीही मागच्या सतरंजीवर आडवी झाले. शवासन लागलं. डोळे मिटून पडायचं, बस. पडले. पाच मिनिटं झाली, दहा झाली... कोणी उठेना, कोणी हलेना. मी वैतागून डोळे उघडले. "काहून वं साक्षी, इतकं लांब शवासन असते का कुठं?"

साक्षी पडल्या पडल्या म्हणाली, "आपलं असंच आहे, ताई. तुमचा फोन होईस्तोवर."

"कोणता फोन?"

"तुमचाच. आम्हाले झोपवून आई रोज कंपाउंडजवळ जाऊन तुम्हाले फोन करे. कोणी खोकललं तरी डोळे वटारे. एक दिवस तुम्ही उचललाच नाही, तं आम्हाले उठवलंच नाही, शाळेतली माह्यी पहिली घंटा गेली. खरं सांगू का ताई? आम्हाले तुमचा लय राग ये."

आईच्या सकाळच्या फोनबद्दल मी इतका वेळ एक ओळही लिहिली नाही, कारण त्याला मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. डब्याच्या घाईत यायचा. मी तो स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायची आणि हो-हो करायची. मागं कधी कोणाचा आवाज नसायचा, म्हणून मला वाटायचं, क्लास सुटला, मुली गेल्या, आता रिकामी बसली आहे म्हणून माझी आठवण आली. उरलासुरला वेळ माझा, असंच मी धरून चालले होते. आणि इथं ही सगळी पलटण माझ्यासाठी श्वास रोखून पडलेली असायची.

मला रडू आलं, पण त्याच्या आधी काय झालं ते खरं सांगते. आधी मला आनंद झाला. ह्या पोट्ट्या माझ्यावर जळत होत्या! मी उठले, फाटकाची किल्ली साक्षीच्या हातात ठेवली, म्हटलं, रोज येत जा, अंगण झाडून घेत जा. ती किल्ली मुठीत धरून तशीच उभी राहिली. मग जरा लाजत तिनं विचारलं, "ताई, काय बोले वं आई तुमच्याशी इतकं, रोज?"

काय बोलायची? भाजी कोणती केली. पोराचा खोकला गेला का. दुधाचा भाव काय आहे तिकडे... याच्यापलीकडे काही नाही. पण ती पोरगी डोळे लावून वाट पाहत होती, आणि मी तिला त्यातलं एक अक्षरही सांगितलं नाही.

"आमचं असायचं काही तरी, मायलेकींचं," मी म्हटलं.