आईची गोष्ट आणि बसप्पाची हाक

मी फौजेत भरती व्हायच्या आधी आमच्या घरात भात शिमग्यापर्यंत पुरायचा. पुढे पाऊस येईपर्यंत रानातले कंद, आणि वडिलांना मजुरी मिळालीच तर विकतचा तांदूळ. नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला, रानात, आमची चार घरं. त्या चार घरांतला पहिला बी.ए. मी. हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्यासाठी आईने शिकेकाईची ओझी डोक्यावरून वाहिली आहेत.

आईची एक गोष्ट आम्हाला पाठ होती. मी तिच्या पोटात असताना ती ओढ्याच्या वर कंद खणत होती. खालून वडिलांच्या आवाजात हाक आली, "अगे!" वडील तर त्या दिवशी रामनगरला गेले होते. आमच्याकडे रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा बोलावतो. आई कुदळ धरून गप्प उभी राहिली. दुसरी हाक आली नाही. थोड्या वेळाने ओढ्यातून गव्यांचा कळप धडधडत गेला.

"गेले आसते तर मी न्हाई, तू न्हाई, आन् तुजं कालेजबी न्हाई," म्हणत ती मला टपली मारायची.

नोकरीच्या नवव्या वर्षी आमची पलटण उत्तरेला बर्फात होती. सकाळी नऊला आठ जणांची गस्तीची तुकडी निघाली. सर्वांत मागे लान्स नायक बसप्पा, हावेरीकडचा. त्याच्या पुढे मी. दहाच्या सुमारास ढग उतरला. पाच फुटांपलीकडे दिसेना.

दहा बेचाळीसला मागून, डावीकडून बसप्पाच्या आवाजात माझ्या नावाची हाक आली. "गोविंद!"

एकदाच.

मी थांबलो. तोंड उघडलं नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत होतो. बी.ए. झालेला, हातात रायफल असलेला माणूस. दोन मिनिटं गेली, मग मी ओरडलो. उत्तर नाही. वायरलेस सेट उचलून पुढे चाललेल्या कमांडरला कळवलं.

"वन, मी थ्री. बसप्पा मिसिंग. ओव्हर."

"थ्री, जागेवर थांब. कोणी हलणार नाही. ओव्हर."

ढग विरल्यावर, साडेअकराला तो सापडला. बर्फाची कड तुटून खाली गेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, मान मोडली, लगेच गेला असेल. मग हाक पडण्याआधी मारली की पडताना? मदतीसाठी, की मला थांबवण्यासाठी? त्या आवाजाकडे मी चार पावलं गेलो असतो तर मीही खाली असतो. आईच्या गोष्टीनं मला वाचवलं, की त्याला मारलं? मला आजही कळत नाही. चौकशीच्या स्टेटमेंटमध्ये मी हाक लिहिली नाही.

सुट्टीत आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"किती येळ गप्प ऱ्हायलास?"

"दोन मिनिटं."

"त्याची आई हाय?"

"हाय."

"तिला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग हितं काय सांगतोस? थितं जा."

मी गेलो नाही. पेन्शनीत आलो तरी गेलो नाही. आईने ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. अक्काची पोरं मागे लागली, "आज्जी, गव्याची सांग की!" तर म्हणाली, "इसरले." कुठल्या कोंबडीनं कुठं अंडं घातलं ते तिच्या ध्यानात असायचं. ती माझ्यावर रागावली होती की गोष्टीवर, ते मी विचारलं नाही. गेल्या माघात ती गेली.

बारावा झाला आणि मी हावेरीची बस धरली.

बसप्पाची आई अंगणात मिरच्या वाळवत होती. मी उभ्या उभ्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. दोन मिनिटंही सांगितली. ती मिरच्या उलटत राहिली.

"नाव घेऊन बोलावलं?"

"होय."

"आवाज कसा होता?"

"चहाला बोलवायचा, तसाच."

ती आत गेली, ताट घेऊन आली. "ऊटा माडू," म्हणाली. जेव. तिने मला माफ केलं, की दारात आलेल्याला कोणीही वाढतं तसं वाढलं? कळलं नाही. मी जेवलो. ती समोर बसून होती.

लान्स नायक बसप्पा गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. जाताना त्याने मला हाक मारली होती. त्याच्या आईला ते आता ठाऊक आहे.