निळ्या पिंपाचा वास
होळीनंतरचा उधवा गावचा बाजार आणि पुढच्या आठवड्यातली एक सकाळ, या दोन्ही दिवसांना जबाबदार तिघे आहेत: रसायनाची पिंपे भंगारात काढणारा कारखानदार, त्यांवरचे लेबल खरवडून ती पाण्यासाठी विकणारा दुकानदार आणि ते पाहूनही गप्प राहणारा अधिकारी. परवा त्याच बाजारात विकायला ठेवलेल्या निळ्या पिंपांतून तोच उग्र वास आला आणि काही वर्षांपूर्वीची ती सकाळ समोर उभी राहिली. पत्नीने घरच्या कोंबडीचे अंडे फोडले आणि नाकाला पदर लावला. "कोंबड्यांनी सुकट खाल्ली असेल," मुलगा म्हणाला. "सुकटीचा वास मला शिकवतोस? हा औषधाचा आहे!" ती म्हणाली. मी परसात जाऊन कोंबड्यांच्या पाण्यावर वाकलो, तोच उग्र दर्प होता. पाणी मुलाने त्या होळीनंतरच्या बाजारातून आणलेल्या दोन निळ्या पिंपांपैकी आडव्या कापलेल्या एका पिंपात होते. "दुसरं पिंप कुठे आहे रे?" मी मुलाला विचारले. उत्तर गरोदर सुनेने दिले. "स्वयंपाकघरात, बाबा. आजच भरलं. पाणी कडवट लागलं, मला वाटलं नव्या पिंपामुळे असेल." दवाखान्यापर्यंत रिक्षात ती दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. नात आज अंगणात धावते, हे केवळ आमचे नशीब. परवाच्या पिंपांत पूर्वी काय होते, ते त्या अधिकाऱ्याने भर बाजारात उभे राहून सांगावे.