पत्र्याला आवळलेली काच

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीत गोवर आला, तेव्हा मी डोंगराखालच्या उपकेंद्रात नर्स होते. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून लसीच्या फ्रीजसाठी छपरावर सौरऊर्जेची काच बसवली होती. गावाला तिचं भारी कौतुक. मला मात्र धास्ती, कारण पोरांचे जीव त्या एका काचेवर टांगलेले.

वैशाखात वारा सुटला की आमच्याकडे छपरावरचं सगळं दाबून-बांधून ठेवतात. आमच्या शिपायानं काचही लोखंडी पायांवरून उतरवली आणि पत्र्याला चिकटवून तारेनं आवळली.

"आता वादळ आलं तरी हलायची नाय, बाई!"

मलाही ते पटलं. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, अशीच माझी समजूत. घडलं उलटंच. दुपारी फ्रीज घरघरायचा आणि गप्प व्हायचा. एका सकाळी फ्रीजचं दार उघडलं, तर आतल्या बर्फाचं पाणी झालेलं.

कर्जतहून मेकॅनिक आला. छपरावर चढून काचेला हात लावताच चटका बसून त्यानं तो झटकला. "हिला ऊन हवं, पण ताप सोसत नाही. तापली की वीज कमी देते. वाळवंटातसुद्धा हेच रडगाणं. खालून वारा खेळू द्या."

लसीच्या बाटल्या दिसायला होत्या तशाच. बिघडलेली लस ओळखायची कशी?

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक आई पोरीला कडेवर घेऊन दारात आली. "सुई द्या ना, बाई. शेजारचा पोर तापानं फणफणलाय."

ती बिघडलेली लस टोचली असती तर आई निर्धास्त घरी गेली असती आणि पोर मात्र तशीच उघडी राहिली असती; मला भीती त्याचीच वाटली. "आज नाही गं. उद्या मीच वर येते," म्हटलं. ती पोरीला सावरत वळली.

सगळ्या बाटल्या फेकल्या. तालुक्याहून बर्फाच्या डब्यात नवी लस आणली आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढले. झोपडीचं दार लोटलेलं. हाक मारली, ओ नाही. मग ती मागच्या बाजूनं आली, पोर पाठीशी बांधलेली. मी कपाळ चाचपलं. गार होतं. सुई टोचली, पोरीनं टाहो फोडला.

"आता भ्या नाय ना, बाई?"

"नाही," मी म्हणाले. गोवर आधीच अंगात शिरला असेल तर सुई काय करणार, हे तिला सांगवलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस वाडीवरून कुणी उतरताना दिसलं, की वाईट बातमी ऐकावी लागू नये म्हणून मी दारातून आत जायचे.