घंटा झाली की नान नाही

माझी थोरली जाऊ सायराकान तालास खोऱ्याकडची. तिकडे राजम्याची शेतं, भरपूर ऊन, आणि बर्फ पडला तरी चार दिवसांत गुमान वितळणारा. लग्न होऊन ती नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमच्या खोऱ्यात आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात अंगणातल्या संडासातून घरात येताना वादळात वाट चुकली. सापडली ती शेजाऱ्यांच्या गोठ्यात, गाईला बिलगून बसलेली. गाव अजून त्यावर हसतं. तिने मात्र त्या दिवसापासून बर्फाशी दावा मांडला, आणि बाई एकदा हटून बसली की बसलीच.

ती आमच्या शाळेत लहान वर्ग घेते, मी तिथेच पोरांचं सूप रांधते. मी तिला एजे म्हणते, म्हणजे ताई. सारा गावच तिला एजे म्हणतो.

शरद लागला की गावात ज्याला त्याला हिवाळ्याचं पडलेलं असतं. गोवऱ्या रचायच्या, कोळसा उतरवून घ्यायचा, खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि थंडी पक्की बसली की घोडा कापून मांस टांगायचं. शाळेतही तीच गडबड. धुराडं झाडून घेतात, दाराला आतून लोकरीचा जाड नमदा ठोकतात, प्रत्येक पोर घरून गोवऱ्यांचं पोतं ओढत आणतं. एजेचं काम मात्र वेगळंच. ती दारोदार जाते, चहा पिते आणि एकच प्रश्न विचारते: वादळ आलं तर तुमच्याकडे कोण झोपणार?

हे सगळं वरच्या वस्तीच्या पोरांसाठी. मेंढपाळांची पोरं ती, घाटातून ट्रकने खाली शाळेत येतात. पूर्वी पहिलं वादळ झालं की ती घरी बसायची ती थेट बर्फ वितळेपर्यंत. तोवर अक्षरं विसरलेली असायची. मुलगे निदान परत तरी यायचे, पोरी बहुतेक यायच्याच नाहीत. हिवाळा आहे, त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणायचे. शिक्षण कचेरीतले साहेबही तेच म्हणायचे, फक्त जरा लांबलचक वाक्यांत.

एजेला ते पटेना. घोड्याला घाबरणारी ही बाई घोड्यावर बसून वर गेली आणि प्रत्येक बापाला शब्द देऊन आली: वादळात तुझं पोर रस्त्यावर नसेल, खाली एका ठरलेल्या घरात, ठरलेल्या अंथरुणावर असेल. मग तिने खालच्या गावाला कामाला लावलं. घराघरातून घोड्याच्या शेपटीचे केस गोळा केले, सगळ्यांनी बसून त्यांचा दोर वळला. शाळेच्या फाटकापासून गल्लीभर खांब रोवून तो दोर थेट शेवटच्या, जापार-बाइकेंच्या, म्हणजे जापारदादांच्या घरापर्यंत नेला. खिंडीवरचं आभाळ पांढरं झालं की शाळेची घंटा थांबायचं नाव न घेता वाजणार, पोरं दोर धरून निघणार आणि आपापल्या घरापाशी गळत जाणार. आमच्या घोड्यांच्या शेपट्या तेवढ्या त्या वर्षी झाडूच्या बुडख्यासारख्या दिसत होत्या.

दोन हिवाळे सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्यात जिपारा हरवली.

जिपारा दुसरीतली, वरच्या वस्तीच्या एसेनकुलची मुलगी. तिचं ठरलेलं घर जापार-बाइकेंचं, म्हणजे दोराच्या टोकाचं. तिचा हात धरून चाललेली मोठी मुलगी दोन घरं आधीच आपल्या घरी वळली. दोर पुढे होताच, त्यामुळे काळजी कसली. तिच्या आणि जापार-बाइकेंच्या घराच्या मधे आमचं घर. आमच्या सासूबाई, आपा, फाटकात उभ्या होत्या. पोर समोरून चाललंय म्हटल्यावर आपांनी जन्मभर जे केलं तेच केलं. म्हणाल्या, ये ग, नान चाखून जा.

आता याला नाही कोण म्हणणार? आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याने घासभर नान चाखायचीच. न चाखता गेलं तर जाणाऱ्याचं वाईट आणि घराचं त्याहून वाईट. पोर आत गेली. नानवर साय आली, सायीवर जर्दाळूचा मुरंबा आला, तोवर बाहेर हाताचं बोट दिसेना. आपांनी तिला शेगडीजवळ रजईत गुंडाळलं. पोर शिक्षिकेच्याच सासरी आहे, यात हरवलं कुठे, असं त्यांच्या मनात.

वादळात फोन बंद पडतात. जापार-बाइकेंना वाटलं, पोरीला शाळेतच ठेवून घेतली असेल. संध्याकाळी एजे दर वादळात जायची तशी दोर धरून घरोघर बघत शेवटपर्यंत गेली. एजेचं बिऱ्हाड वेगळं, आणि आपांना दमा आहे म्हणून आमच्या घरी कुणाची सोय लावलेली नव्हती, तेव्हा तिथे डोकावायचं तिला कारण नव्हतं. जापार-बाइकेंच्या दारात तिला कळलं की पोर आलेलीच नाही.

मग सगळे बाहेर पडले. मीसुद्धा शाळेतून पळत निघाले. गल्लीत, गोठ्यांत, गवताच्या गंजीत, हाका मारून घसे बसले, पण वाऱ्यात घराच्या आत काही ऐकू जात नव्हतं. जापार-बाइके दोर सोडून नदीपर्यंत गेले आणि परतले तेव्हा हातमोजा हाताला चिकटला होता. मी कंदील आणायला घरात शिरले तर पोरगी आमच्याच गादीवर बसून बोटं चाटत होती. मला हसू आलं नाही. मी तिथेच खाली बसून रडले. जापार-बाइकेंची दोन बोटं पुढे कापावी लागली.

रस्ता मोकळा झाल्यावर एसेनकुल खाली आला. तो आरडाओरडा करणारा माणूस नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

"एजे, तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला. "मी पोरीला नेतोय."

वस्ती त्याच्याच तोंडाकडे बघून चालते. तो गेला की बाकीचे सगळे जाणार आणि परत हिवाळाभर ती पोरं मेंढ्यांमागे, हे एजेलाही कळत होतं. तिने त्याच्याकडे एवढंच मागितलं, आज शाळेत सगळे जमू देत, मग काय ते ठरवा.

सगळे जमले आणि दोष देत सुटले. कुणी मोठ्या मुलीला, कुणी फोनच्या टॉवरला, कुणी जापार-बाइकेंच्या बायकोला. शेगडीजवळच्या मानाच्या जागेवर आपा बसल्या होत्या. त्यांच्याकडे एकानेही पाहिलं नाही. पोराला नान देणं चूक असतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि आमच्याकडच्या सुना सासूचं नावसुद्धा तोंडाने घेत नाहीत.

एजे उठली.

"दोर बरोबर होता," ती म्हणाली. "घंटा वेळेवर झाली. चूक नानची झाली. आपा, पोर ठरलेल्या घरी पोचायच्या आत तुम्ही तिला घरात घेतलंत. बाइकेंची बोटं त्यात गेली."

माझ्या नवऱ्याच्या हातातली टोपी खाली पडली. मागून एक म्हातारा पुटपुटला की तालासच्या पोरींच्या जिभेला हाड नसतं.

आपा शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दारावरून पोर तसंच जाऊ देऊ?"

"हो. घंटा झाली की नान नाही. दार लावून घ्यायचं. पोर दिसलं की हाक मारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून दारच लावायचं. सगळ्यांनी."

आपांनी शाल सावरली आणि त्या कुणाकडे न बघता निघून गेल्या.

एसेनकुल म्हणाला, "सासूला भर सभेत बोललात. माझ्या पोरीसाठी?"

"माफी मी घरी मागीन. तुम्ही जिपाराला पाठवाल का ते सांगा."

पुढचं वादळ स्वतःच्या डोळ्यांनी बघेन, मग सांगेन, असं तो म्हणाला. तोवर पोरगी इथे, आणि तोही इथेच, जापार-बाइकेंच्या जनावरांचं बघायला.

त्यानंतर आपांनी एजेशी बोलणं टाकलं. एजे रोज सकाळी येऊन वाकून नमस्कार करायची, माफी मागायची, चहा ओतून द्यायची. आपा भिंतीकडे तोंड करून तो प्यायच्या. दोघींचे निरोप इकडून तिकडे नेऊन माझा जीव मेटाकुटीला आला. मी एकदा एजेला म्हटलं, अग, चुकलं म्हण आणि नियम सोड. ती म्हणाली, बोलले त्याची माफी रोज मागते, नियमाची मागणार नाही. उलट ती वर्गात पोरांकडून घोकून घ्यायला लागली: नको आपा, घंटा झालीय. लेकरांना नानला नको म्हणायला शिकवते म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली.

मग एका दुपारी खिंडीवर पांढरं चढलं आणि घंटा सुरू झाली. पोरं दोराला लागली. पुढे एजे, सगळ्यांच्या मागे एसेनकुल. सूप उतरवून मीही निघाले. खरं सांगायचं तर आपा काय करतात ते मला बघायचं होतं. गल्लीतली दारं एकेक करून लागत होती. कुणी मनापासून लावत होतं, कुणी आपटून. आम्ही आमच्या घराशी पोचलो तेव्हा दोरावर एकटी जिपारा उरली होती.

आपा उंबऱ्यात उभ्या होत्या. पोरीने त्यांना पाहिलं. आपांचं तोंड उघडलं. ते तोंड मला ठाऊक आहे, त्यातून हाक आल्याशिवाय राहत नाही. एजे थांबली. आपांनी पोरीकडे डोळे भरून पाहिलं, मग मागे सरल्या आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या घरात मी इतकी वर्षं नांदतेय, दिवसाउजेडी ती कडी लागलेली कधी ऐकली नव्हती.

जिपाराने विचारलं, "आपा माझ्यावर रागावल्या?"

एजेच्या डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं. "नाही ग," ती म्हणाली. "दार लावून त्यांनी तुला शाळेत ठेवून घेतलं."

पोरगी दाराकडे बघत तशीच उभी राहिली, हात दोरावरून सुटलेला. मागून एसेनकुल आला, वाकला, आणि त्याने तिचा हात उचलून परत दोरावर ठेवला.

"चल," तो म्हणाला. "उद्या वर्गात वेळेवर जायचंय."